खेळाचे परीक्षण आणि हक्काची जागा



मुक्ताईनगर परिसरात तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. चांगदेवांच्या पत्राची आख्यायिका आपणांस ठाऊक असेल. ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना कोणता घालावा, हे त्यांना ठरविता येईना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? अखेर त्यांनी कोराच कागद धाडला. व्हिडिओ गेमविषयी मराठी लेखकाची स्थिती आज काहीशी अशीच आहे. या प्रकाराला पोरखेळ म्हणावे की कलाकृती, हे ठरत नाही आणि कागद कोरा राहतो. तो आपण भरावा, आणि त्यासाठी स्वतःचे लहानसे संकेतस्थळ उभारावे, असे माझे मत आहे.

पुस्तकाची आवृत्ती संपली, तरी ग्रंथालयात एखादी प्रत सापडते. गेमचे तसे नसते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. पुढल्या वर्षी निराळ्या नावाने त्याची भारतीय आवृत्ती आली; परंतु एखादा खेळ एका निर्णयाने हातातून जाऊ शकतो, हे तेव्हा कळले. त्या नकाशावरील ओळखीच्या वाटा, सोबत्यांना घातलेल्या हाका, वर्तुळ आवळत येताना वाढणारी धडधड यांविषयी मराठीत काय उरले? पालकांच्या तक्रारी आणि बातम्या पुष्कळ आढळतात. खेळणाऱ्याने स्वतः केलेली चिकित्सा क्वचितच आढळते. ज्या अनुभवात एका पिढीच्या कित्येक रात्री गेल्या, त्याविषयी तिचे स्वतःचे म्हणणे नोंदले न जाणे ही भाषेचीही हानी आहे.

ग्रंथपरीक्षणाचे आणि नाट्यपरीक्षणाचे निकष येथे उपयोगी पडतात, परंतु पुरे पडत नाहीत. नाटकातील नायक आपल्या डोळ्यांदेखत चुकतो; गेममध्ये चूक आपल्याच बोटांची असते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने घडविलेला आणि २०२० मध्ये प्रकाशित झालेला ‘राजी’ हा गेम घ्या. सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाच्या शोधात निघते. तिच्या हाती त्रिशूळ येतो, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून आपणांस ऐकू येते. एवढे सांगितले म्हणजे कथासार झाले, परीक्षण नव्हे. परीक्षकाने पुढे विचारावे: भिंतीवरून धावताना, खांबावर चढताना ती सर्कशीतील मुलगी आहे हे आपल्या हातांना जाणवते का? लढाईची अवघड जागा कौशल्य मागते, की केवळ चिकाटी? हरल्यावर पुन्हा खेळावेसे वाटते, की फसविले गेल्यासारखे वाटते?

या प्रश्नांसाठी शब्द कोठून आणावेत, अशी शंका काहींना येईल. लेव्हल, स्कोअर हे शब्द रुळले आहेत. ते खुशाल वापरावेत. परंतु डाव, भिडू, पाळी, राज्य येणे, डाव उधळणे ही आपल्या अंगणातील संपत्तीही जवळच आहे. नियम पाळूनही खेळाडूला हरविणाऱ्या गेमला ‘रडीचा डाव’ म्हटले, की एका परिच्छेदाचे काम दोन शब्दांत होते.

आता जागेविषयी. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. बहुतांशी एकहाती लिहिलेल्या या मासिकाचे ८४ अंक निघाले. आपले म्हणणे सविस्तर मांडण्यासाठी त्यांनी स्वतःची जागा निर्माण केली. समाजमाध्यमावरील मजकूर चार दिवसांत खाली जातो आणि पुढे तो शोधूनही मिळत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र पहिले परीक्षण आणि पन्नासावे परीक्षण शेजारी राहतात. आपली दृष्टी कशी बदलली, हे वाचकाला आणि आपल्यालाही पाहता येते.

अर्थात, तेथे संपादक नसतो. म्हणून संपादकाची शिस्त स्वतःच पाळावी लागते. गेम कोणत्या यंत्रावर आणि किती तास खेळला, शेवटापर्यंत पोहोचलो की नाही, तो विकत घेतला की फुकट मिळाला, हे प्रारंभीच सांगावे. मत बदलल्यास जुना मजकूर गुपचूप पुसू नये. तारीख घालून दुरुस्ती जोडावी.

खेळांची चर्चा म्हणजे व्यसनाला उत्तेजन, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ मध्ये केंद्राला करावा लागला, तो उगाच नव्हे. परंतु कोणता गेम आनंद देतो आणि कोणता केवळ खिशाला व झोपेला हात घालतो, हा विवेक न खेळणाऱ्याच्या उपदेशातून येत नाही. तो खेळलेल्या माणसाच्या प्रामाणिक परीक्षणातून येतो. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्याला वेळेची किंमत अधिक कळते. म्हणून त्याचा निवाडा अधिक मोलाचा.

संकेतस्थळ उभारण्यापूर्वी एक करून पाहा. आपण सर्वाधिक खेळलेला गेम निवडा, त्यावर तीनशे शब्द लिहा आणि तो कधीही न खेळलेल्या घरातील व्यक्तीला वाचून दाखवा. तिने एक जरी प्रश्न विचारला, तरी आपल्याला पहिला वाचक मिळाला असे समजा.