तळ्याकाठचे दोघांचे ताट

पती-पत्नी दोघांनीच शनिवार-रविवार जोडून पाण्याकाठच्या एखाद्या निवासात जावे आणि निवांतपणे उत्तम जेवावे, ही कल्पना आपल्या मध्यमवर्गात अजूनही काहीशी चेष्टेचा विषय आहे. 'घरी जेवायला मिळत नाही का?' हा प्रश्न ठरलेला असतो. आमच्या मते या चेष्टेआड एक गंभीर गोष्ट झाकली जाते.

मराठी लग्नात वधू-वर एकमेकांना घास भरवतात. त्यानंतर मात्र कित्येक घरांत समोरासमोर बसून जेवण्याचा योग वर्षानुवर्षे येत नाही. पुरुषांची पंगत आधी आणि वाढणारीचे पान शेवटी, हा क्रम कागदोपत्री मोडला असला तरी व्यवहारात टिकून आहे. महाविद्यालयात दिवसभर तास घेऊन आलेली बाईही तव्यावरची गरम पोळी दुसऱ्याच्या ताटात टाकते आणि स्वतः निवलेली खाते. तिने दोन दिवस बसून जेवावे आणि कुणीतरी तिला आग्रहाने वाढावे, हिला चैन म्हणता येत नाही. ती जुनी थकबाकी आहे. तेव्हा जाण्याला आमचा पाठिंबाच आहे. प्रश्न आहे तो तिथे गेल्यावर ताटात काय पडते याचा.

जेवणासाठी प्रवास करणे ही पाश्चात्त्यांनी रुळवलेली रीत. टायर बनवणाऱ्या मिशलिन कंपनीने मोटारी अधिक धावाव्यात म्हणून १९०० साली प्रवास-मार्गदर्शिका काढली आणि १९२६पासून तीत उपाहारगृहांना तारे देण्यास आरंभ केला. तीन ताऱ्यांचा अर्थच असा, की केवळ त्या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा. इंग्लंडमध्ये थेम्सकाठच्या ब्रे गावी रू बंधूंनी १९७२ साली उघडलेल्या 'वॉटरसाइड इन'ला १९८५ साली हा मान मिळाला. हे तारे परक्या देशांतले असले तरी त्यामागची कसोटी आपल्याला घेता येईल: जे दुसरीकडे मिळत नाही, त्यासाठीच वाट वाकडी करावी.

ही कसोटी गोंदिया जिल्ह्याला लावून पाहू. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. इथले पाणी बहुतांशी माणसाने अडवलेले आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळी बांधून तलाव आणि बोड्या उभ्या केल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. त्या बांधणाऱ्यालाच लोकांनी पुढे कोलासूर म्हणून देवत्व दिले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि माधवराव पाटील डोंगरवारांच्या सोबतीने इथली पाखरे त्यांनी ओळखून घेतली. त्यांच्या लेखनामुळे हे तळे मराठी वाचकाच्या मनात कायमचे वस्तीला आले. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलावाकाठी पर्यटन महामंडळाचे निवास उभे राहिले. थोडक्यात, दोघांनी जाऊन बसावे असे पाणी इथे भरपूर आहे.

पण महाराष्ट्रभरच्या पाणवठ्यांकाठी साधारणतः जे वाढले जाते, ते आठवून पाहा. तेच पनीर, तेच मंचुरियन, तीच तंदुरी कोंबडी. खिडकीबाहेरचे दृश्य बदलते, ताट बदलत नाही. समोर तळे असते आणि ताटात मात्र त्याचा मागमूसही नसतो. मग एवढ्या दूर गेल्याचा अर्थ काय?

तळ्याला ताटात घालायला काही नाही असे मुळीच नाही. मरळ आहे, शिंगी आहे, मागूर आहे, झिंगे आहेत. ढीवरांनी लावलेले शिंगाडे आहेत. पाळीखालच्या शेतातला तांदूळ आहे. मात्र हे सारे टिकून राहील याची खात्री उरलेली नाही. मालगुजारी संपल्यावर तलाव शासनाकडे आले आणि मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडे. उत्पन्न वाढावे म्हणून कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली. गाळ साचला, बेशरम माजली, शेतातली औषधे पाण्यात उतरली. ज्या पाणवनस्पतींच्या आधाराने स्थानिक मासे पावसाळ्यात आपोआप वाढत, त्याच नाहीशा होऊ लागल्या. अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवर स्त्री-पुरुषांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने बेशरम उपटली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासे परतावेत म्हणून खटपट केली. ही मेहनत ज्यांनी केली, त्यांच्या मालाला शेजारच्या निवासाच्या स्वयंपाकघरात जागा नसावी, हे आम्हाला अन्नाच्या दृष्टीनेही दारिद्र्य वाटते.

यावर व्यवसायातील मंडळी सांगतील, की गिऱ्हाईकच पनीर मागते, देशी मासा रोज मिळेलच असे नाही, शिवाय त्यात काटे फार. यातले पहिले खरे आहे आणि तो दोष आपला आहे. तळ्याकाठी बसून आपण शहरातलेच पदार्थ मागतो. उरलेल्या दोन अडचणी मात्र अडचणी नव्हेतच. जे रोज मिळत नाही त्याचेच अप्रूप असते. आणि काटे काढत सावकाश जेवण्यासाठीच तर ते दोघे इतक्या दूर आलेले असतात. मासे अंड्यावर असताना ते न वाढणे आणि त्याऐवजी भात, भाजी, शिंगाडे पुढे करणे, याला आम्ही उच्च अभिरुची म्हणू. सकाळी जाळ्यात काय आले ते विचारून फळ्यावर खडूने त्या दिवसाचे ताट लिहिणारे आणि रांधणाऱ्या गावातल्या बायांना योग्य मोबदला देणारे एखादे निवास इथे निघाले, तर त्यासाठी नागपूर-रायपूरहून लोक खुशाल वाट वाकडी करतील.

आणि मोबदल्याचा हा मुद्दा शोभेचा नाही. घरच्या बाईला दोन दिवस वाढून मिळावे म्हणून दुसरी बाई चुलीपुढे उभी राहते, हे विसरून चालणार नाही. तिचे कौशल्य पनीरच्या तयार मसाल्यात बुडवून टाकायचे, की तिला येणाऱ्या मरळीच्या रश्श्यासाठी तिला नावाने ओळखायचे, हे जेवणाऱ्यांच्या मागणीवर ठरते. तेव्हा जोडप्यांनी जरूर जावे. फक्त बसल्याबसल्या पहिला प्रश्न एवढाच विचारावा: या तळ्याचे आज काय आहे?