‘निष्ठावान साथीदार’ : एका फसव्या नावाचा इतिहास

१/१०
वैमानिकाच्या लढाऊ विमानासोबत उडणारे, स्वतः मात्र वैमानिकाविना लढणारे विमान. त्याला नाव मिळाले ‘लॉयल विंगमन’, म्हणजे निष्ठावान साथीदार. हे एकविसाव्या शतकाचे अपत्य आहे आणि त्याने युद्ध कमी रक्तरंजित होईल, असे दोन दावे सर्रास केले जातात. पहिला चुकीचा आहे. दुसरा अर्धसत्य आहे, म्हणून अधिक घातक.

२/१०
पहिला दावा. १९४४, दक्षिण पॅसिफिक. अमेरिकी नौदलाच्या ‘टीडीआर-१’ या मानवविरहित विमानात टेलिव्हिजन कॅमेरा होता. काही मैल मागून उडणाऱ्या ‘अ‍ॅव्हेंजर’मधील नियंत्रक पडद्यावरचे चित्र पाहत त्याला रेडिओने दिशा देई. बूगनव्हिल-रबौल परिसरात अशी चाळीसहून अधिक विमाने जपानी लक्ष्यांवर सोडली गेली. कल्पना ऐंशी वर्षांची जुनी आहे.

३/१०
त्याच वर्षी युरोपात स्फोटकांनी भरलेले बॉम्बर रेडिओने शत्रूवर सोडण्याचा प्रयोग झाला. दोघांनी विमान आकाशात न्यायचे, पॅराशूटने उतरायचे, पुढचे काम सोबतच्या विमानाचे. १२ ऑगस्टला इंग्लंडच्या सफोकवर असे एक विमान हवेतच फुटले. जॉन केनेडींचे थोरले बंधू जोसेफ आणि त्यांचे सहकारी विलफर्ड विली ठार झाले. ‘मानवविरहित’ या शब्दाआड माणसे असतातच.

४/१०
आता दुसरा दावा. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने अमेरिकेचे ‘यू-२’ हे टेहळणी विमान पाडले. वॉशिंग्टनने हवामान-संशोधनाची सबब पुढे केली. पण वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत सापडला आणि सबब कोसळली. पॅरिसची शिखर परिषदही मोडली. एका जिवंत माणसाने महासत्तेला खोटे मागे घ्यायला लावले.

५/१०
नोव्हेंबर १९६४ मध्ये चीनने अमेरिकेचे मानवविरहित टेहळणी विमान पाडले. अशा विमानांचे अवशेष बीजिंगमध्ये लोकांपुढे मांडले गेले. पण कैदी नव्हता, खटला नव्हता, कोणतीही परिषद मोडली नाही. १९७५ पर्यंत आग्नेय आशिया व चीनच्या आकाशात अशी ३,४०० हून अधिक उड्डाणे झाली. पाचशेहून अधिक विमाने गमावली गेली.

६/१०
यावर उत्तर ठरलेले असते : त्यामुळे वैमानिकांचे प्राण वाचले. ते खरे आहे आणि मान्यच केले पाहिजे. पण वाचले ते केवळ प्राण नव्हेत; सत्तेला द्यावे लागणारे उत्तरही वाचले. पॉवर्सने जे उघडे पाडले, ते पत्र्याच्या तुकड्यांना उघडे पाडता आले नाही. शिवाय ती विमाने छायाचित्रे काढत होती. आजची क्षेपणास्त्रे वाहतील.

७/१०
ऑस्ट्रेलियात ‘घोस्ट बॅट’ने २७ फेब्रुवारी २०२१ रोजी पहिली भरारी घेतली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी हवाई दलाने दोन मानवविरहित विमानांना थेट ‘फायटर’ वर्गाचे नामांकन दिले. भारतात ‘तेजस’सोबत उडण्यासाठी एचएएल ‘कॅट्स वॉरियर’ घडवत आहे; त्याच्या नमुन्याचे इंजिन ‘लक्ष्य’च्या इंजिनावर आधारलेले. ‘लक्ष्य’चा जन्मच नेमबाजीच्या सरावात निशाणा होण्यासाठी झाला.

८/१०
जाहिरातीत हे विमान ‘निष्ठावान’, हिशेबवहीत मात्र ‘गमावले तरी परवडणारे’. ही विसंगती केवळ शाब्दिक नाही. निष्ठा त्याचीच, ज्याला नकार देण्याची मोकळीक असते. अन्याय्य आज्ञा मिळाली तर सैनिक थबकू शकतो, साक्ष देऊ शकतो. यंत्र ना थबकते, ना साक्ष देते. त्याच्या आज्ञापालनाला निष्ठा म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

९/१०
‘अंतिम निर्णय माणसाचाच’ असे आश्वासन दिले जाते. २०२३ मध्ये सुधारलेला अमेरिकी संरक्षण खात्याचा निर्देश बळाच्या वापरावर मानवी विवेकाची ‘योग्य’ पातळी मागतो. योग्य म्हणजे किती? स्वतःचे विमान सांभाळत, शत्रूला चुकवत, आणखी दोन-तीन यंत्रे हाकणाऱ्या वैमानिकाचा ‘विवेक’ क्षणार्धात कळ दाबण्यापुरताच उरण्याचा धोका आहे.

१०/१०
या यंत्रांवर बंदी घाला, असे इतिहास सांगत नाही. तो एवढेच सांगतो की विमानातून माणूस उतरवला की युद्धाची किंमत मोजणाऱ्याचा चेहराही दिसेनासा होतो. म्हणून डागल्या गेलेल्या प्रत्येक क्षेपणास्त्रामागे जबाबदार माणसाचे नाव नोंदलेले असावे. तो नियम विमाने सेवेत येण्याआधी व्हावा, कारण नंतर प्रश्न विचारायला कोणी पॉवर्स जिवंत सापडणार नाही.