प्रेमकथा लिहायलाही शिकूया

मैत्रिणींनो, ‘प्रेमकथा’ म्हटलं की आपल्यापैकी अनेकींच्या कपाळाला आठी पडते. शिबिरांत आपण पथनाट्य बसवतो, गाणी रचतो, अर्ज लिहायला शिकवतो. पण एखादी मुलगी म्हणाली, “ताई, मला प्रेमकादंबरी लिहून छापून आणायचीय,” तर आपण विषय बदलतो. माझं मत असं, की तिला शिकवावं. कथेचं तंत्र आणि कराराची समज, दोन्ही द्यावं.

तंत्राला नाक मुरडायचं कारण नाही. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राची मराठीत सविस्तर मांडणी केली. इंग्लंडमध्ये १९६० साली प्रेमकादंबरीकारांची संघटना स्थापन झाली. तिच्या नवलेखक योजनेत नव्या सभासदाचं हस्तलिखित अनुभवी लेखक वाचतात आणि काय जमलं, काय फसलं, ते लेखी कळवतात. आपल्या किती लेखिकांना असा वाचक मिळतो?

या लेखनाचे नियमही लपलेले नाहीत. १९०८ साली सुरू झालेल्या मिल्स अँड बूनच्या कितीतरी कादंबऱ्या साधारण ५०,००० शब्दांच्या असतात. प्रेम केंद्रस्थानी हवं, शेवट समाधानाचा हवा. आणि महत्त्वाचं म्हणजे अडथळा नुसता खलनायकाने किंवा गैरसमजाने आणलेला चालत नाही. तो दोघांच्या स्वभावातून, भीतीतून यावा लागतो.

नेमकं इथेच आपलं काम सुरू होतं. आपल्याकडे दोघांच्या मधे काय उभं असतं? जात, हुंडा, तिचा पगार कुणाच्या हाती जाणार हा प्रश्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. तरी आपल्या बऱ्याच लोकप्रिय प्रेमकथांत नायक-नायिकेला जणू जातच नसते. ती दिसू द्या. कथा आपोआप खरी होईल.

दुसरी गोष्ट ‘नाही’ची. नायक महिनोन्‌महिने मागे लागतो, हात धरतो, शेवटी ती हसते. हे वाचून आणि पडद्यावर पाहून मोठी झालेली मुलं-मुली आपल्या समुपदेशन केंद्रांत येतात. “प्रेम होतं म्हणून मागे गेलो” असं मुलगा सांगतो, आणि मुलीलाही आपलंच चुकलं असं वाटत असतं. स्त्रीचा पाठलाग हा २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. मग कथेत तो पराक्रम कसा? लिहिणारीने स्वतःला विचारावं: नायिका ‘हो’ कुठल्या पानावर म्हणते? तिला काय हवंय, ते तिच्या तोंडून येतं का?

वाचकांना असं रुचत नाही, ही सबब खरी नाही. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली पुस्तक लिहिलं. त्या बायकांना क्रूर नायक नको होते, जपणारा हवा होता. आणि पुस्तक हातात असतानाचा वेळ तेवढा त्यांचा स्वतःचा होता. घर सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता कराराचं. लिहिणं हे श्रम आहेत, ‘छंद’ म्हणून ते फुकट देऊ नयेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून लिहिलेल्या कादंबरीची पहिली मालक लेखिकाच. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क विकले तरी लेखिका म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार तिचाच राहतो. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द दिसले, तर सही करण्याआधी थांबावं, कुणा जाणत्या व्यक्तीला दाखवावं.

पुढच्या शिबिरात दोन दिवस यासाठी ठेवूया. पहिल्या दिवशी एकमेकींची हस्तलिखितं वाचू, दुसऱ्या दिवशी करार. बाईच्या दुःखाची कहाणी आपण खूप लिहिली, आणि ती लिहिणं गरजेचंच होतं. तिला काय हवं आहे, हेही तिनेच लिहायला हवं. नाहीतर ते दुसरे लिहीतच आहेत.

तुम्हांला काय वाटतं? पटलं नाही तर तेही जरूर लिहून कळवा.