विंचवाचे बिऱ्हाड

मराठी विभागातील मंडळींनी वेब होस्टिंग कंपनीच्या निवडीवर लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. कादंबरीची समीक्षा, भाषांतराचे प्रश्न, फार तर शुद्धलेखन एवढ्यातच आमच्यासारख्यांनी रमावे, ही अपेक्षा गैरही नाही. परंतु जे विभाग, अभ्यासमंडळे आणि विद्यार्थ्यांचे गट आपले पहिले संकेतस्थळ उघडू पाहतात, ते आम्हांला हटकून विचारतात : कंपनी कोणती घ्यावी? आमचे उत्तर असे, की जी सोडून जाणे सर्वांत सोपे असेल, ती घ्यावी. हे उत्तर आम्हांला बरेच महागात पडले आहे.

२०११ साली आम्ही विभागाचे संकेतस्थळ सुरू केले. विद्यार्थ्यांचे निबंध, वार्षिकातील निवडक लेख आणि परिसरातील नऊ वृद्ध स्त्रियांकडून विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या दोनशेहून अधिक ओव्या त्यावर होत्या. तांत्रिक बाजू एका हुशार विद्यार्थ्याने सांभाळली. नोंदणी त्याच्या नावाने, पैसे त्याच्या कार्डावरून, सूचना त्याच्या ईमेलवर. आम्ही वर्षाकाठी त्याच्या हाती रोख रक्कम देत असू आणि आपला कारभार चोख आहे असे समजत असू. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, ते ईमेल खाते त्याने सोडून दिले आणि २०१६ साली एका सकाळी आमच्या पत्त्यावर कर्जाची जाहिरात दिसू लागली. कंपनीला कळवले, तेव्हा उत्तर आले की खातेदाराखेरीज कोणाशीही बोलता येणार नाही. राग आला, पण नियमाने ते बरोबर होते. खातेदार आम्ही नव्हतोच.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण नवख्याची पहिली गफलत इथेच होते. डोमेन म्हणजे पत्ता आणि होस्टिंग म्हणजे जागा. दोन्ही वर्षाच्या बोलीने मिळतात आणि बहुतेक कंपन्या दोन्ही एकत्र विकतात, म्हणून ती एकच वस्तू वाटते. 'होस्ट'ला कोणी 'यजमान' हा प्रतिशब्द सुचवतात, तो आम्हांला पटत नाही. यजमान पाहुण्याकडून भाडे घेत नाही. 'घरमालक' अधिक नेमका. मात्र या घरमालकाकडची खोली सोडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवले, तरी पत्ता आपल्याबरोबर नेता येतो, आणि वाचकाला काही कळतही नाही. अट एवढीच, की पत्ता आपल्या नावावर हवा. आमच्यासारख्या '.कॉम' पत्त्याची मुदत उलटली, तर कंपनीच्या नियमांप्रमाणे काही दिवस नेहमीच्या दराने आणि त्यानंतर ३० दिवस मोठा दंड भरून तो सोडवता येतो. पुढे तो बाजारात मोकळा होतो. आमचा झाला.

यावरून आमचा पहिला आग्रह : पत्ता एका कंपनीकडून आणि जागा दुसरीकडून घ्यावी. थोडी अधिक दगदग होते, पण घरमालकाशी बिनसले तर पत्ता त्याच्या मुठीत राहत नाही. नोंदणी व्यक्तीच्या नावाने न करता विभागाच्या नावाने करावी, आणि ईमेलही पदाचा असावा, म्हणजे बदली वा निवृत्तीनंतर तो पुढच्याच्या हाती जाईल. पत्ता दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा गुप्त संकेतांक कंपनी खातेदाराला विनासायास देते का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. या एका प्रश्नाच्या उत्तरातून कंपनीचा स्वभाव कळतो.

कोणी म्हणतील, महाविद्यालयाचे स्वतःचे '.एसी.इन' संकेतस्थळ असताना हा खटाटोप कशाला? हे पत्ते अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था केवळ शैक्षणिक संस्थांना देते, त्यामुळे पत्ता सुरक्षित असतो हे खरे. पण नॅकची समिती यायची झाली की संकेतस्थळ नव्याने बांधले जाते आणि जुनी पाने नव्या कंत्राटदाराला अडगळ वाटतात, हा आमचा अनुभव आहे.

आता कंपन्यांविषयी. 'सर्वोत्तम दहा' अशा याद्या वाचून निवड करू नये, कारण त्यांतील पुष्कळ याद्या लिहिणाऱ्यांना प्रत्येक नव्या ग्राहकामागे दलाली मिळते. शिवाय दहा नावे म्हणजे दहा मालक नव्हेत. एन्ड्युरन्स इंटरनॅशनल या अमेरिकी समूहाने २०१० मध्ये ब्लूहोस्ट, २०१२ मध्ये होस्टगेटर आणि २०१४ मध्ये मुंबईच्या डायरेक्टी समूहाकडून बिगरॉक व रिसेलरक्लब घेतले. २०२१ मध्ये तो समूहच न्यूफोल्ड डिजिटल या नव्या नावात विलीन झाला. यात गैर काही नाही, परंतु एकीला कंटाळून दुसरीकडे गेलेला ग्राहक पुन्हा त्याच वाड्यात येऊन पोहोचू शकतो. दरांचेही तसेच. जाहिरातीतला दर पहिल्या मुदतीचा असतो आणि नूतनीकरणाचा दर अनेकदा दुपटी-तिपटीने अधिक. आपल्या खरेदी समितीने तुलना करायची ती दुसऱ्या दराची.

'अमर्याद जागा' या शब्दप्रयोगाचे आम्हांला विशेष कौतुक वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो अतिशयोक्ती अलंकाराचे उदाहरण म्हणून टिपून ठेवावा. युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. हजार शब्दांचा लेख त्या हिशेबाने सुमारे वीस किलोबाइट होतो. वार्षिकात असे चाळीस लेख धरले, तरी पंचवीस वर्षांचा मजकूर वीस मेगाबाइटच्या आसपास भरतो. जागा खाते ते ध्वनिमुद्रण : १२८ किलोबिटच्या दर्जाचे एका तासाचे एमपीथ्री सुमारे ५८ मेगाबाइट होते. ज्यांच्याकडे मुलाखती नाहीत, त्यांना सर्वांत लहान योजना पुरते. '९९.९ टक्के' अखंड सेवेची हमीही अशीच. तिच्यातही वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा आहे, आणि विभागाचे संकेतस्थळ एक दुपार बंद राहिले म्हणून कोणाचे बिघडत नाही. त्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

बिघडते ते प्रत नसल्याने. 'असो', 'वाचा' यांसारखी साठच्या दशकातील लघुनियतकालिके अल्पायुषी होती, तरी आज अभ्यासकाला ती कोणाच्या ना कोणाच्या कपाटात सापडतात. छापले की प्रती पांगतात. संकेतस्थळाला वाचक हजार असले तरी प्रत एकच असते, आणि ती घरमालकाकडे. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही मोफत सेवा बंद केली, तेव्हा लक्षावधी हौशी पाने एकदम उठली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतली पुष्कळ उतरवून घेतली म्हणून वाचली. पैसे देणाऱ्यांचेही असे होते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या केंद्राला आग लागली, आणि ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती त्या ग्राहकांचे दोन्ही गेले.

आमच्या बाबतीत प्रत होती. त्या विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी विदागाराची एक प्रत उतरवून ठेवली होती, ती त्याने तत्परतेने धाडली. उघडून पाहतो तो ओव्यांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी. ओळींची लांबी तीच, शब्दांमधील अंतरे तीच, अक्षर एकही नाही. त्या काळातील विदागारे, वेगळे सांगितले नाही, तर पाश्चात्य युरोपीय लिप्यांपुरती बेतलेली असत. आमची प्रत उतरवताना देवनागरी त्या साच्यात बसली नाही आणि प्रत्येक अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह उमटले. देवनागरीऐवजी टोप्या घातलेली रोमन अक्षरे दिसली, तर मजकूर बहुधा परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हे झाली की काही उरत नाही.

म्हणून नवख्यांना आमची शिफारस अशी : वर्षाचे पैसे भरण्याआधी एक महिना जागा घ्या. तीवर एक पान चढवा, ज्यात 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द असतील. अर्धा र काही वेळा डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जोडचिन्हाच्या आधाराने लिहिलेला असतो आणि निष्काळजी यंत्रणा ते गाळून टाकते. मग संपूर्ण स्थळाची प्रत स्वतः उतरवा, कंपनीला न विचारता. ती दुसऱ्या संगणकावर उघडा. दोन्ही शब्द जसेच्या तसे सापडले, तर कंपनी चालेल. नाव कोणते का असेना. जिथे प्रत उतरवण्यासाठी अर्ज करावा लागतो, तिथे राहू नये.

एवढेही झेपणार नसेल, तर केवळ पत्ता विकत घ्यावा आणि तो ब्लॉगरच्या मोफत अनुदिनीला जोडावा. तशी सोय आहे, आणि मजकूर उतरवूनही घेता येतो. मोफत सेवा उद्या बंद होईल, ही भीती खोटी नाही. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झालेच. पण पत्ता आपला असला आणि प्रत कपाटात असली, तर जागा केव्हाही बदलता येते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, ही म्हण आपण आजवर कीव करण्यासाठी वापरत आलो.

आमच्या ओव्यांपैकी अडतीस एका माजी विद्यार्थिनीच्या वहीत सापडल्या. बाकीच्यांसाठी त्या नऊजणींकडे पुन्हा जावे म्हटले, तर सातजणी राहिल्या नव्हत्या. नवे संकेतस्थळ आता विभागाच्या नावावर आहे. दर जूनच्या पहिल्या आठवड्यात द्वितीय वर्षाचे विद्यार्थी त्याची प्रत उतरवतात, उघडतात आणि तिच्यात 'दऱ्या' हा शब्द शोधून दाखवतात. त्याशिवाय त्या दिवशीची हजेरी लागत नाही.