सकाळची वाटणी

एकत्र कुटुंबांत ‘वाटणी’ हा शब्द कोणी मोठ्यानें उच्चारीत नाहीं. शेताची वाटणी, भांड्यांची वाटणी, देवांची वाटणी यांच्या कथा आपण सर्वांनीं ऐकल्या आहेत, आणि आपल्या घरावर ती वेळ न येवो म्हणून देव्हाऱ्याकडे पाहून हातहि जोडले आहेत. परंतु जिची वाटणी रोज होते आणि जिचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं, अशी एक मिळकत प्रत्येक घरांत आहे. ती म्हणजे सकाळ. या महिन्यांत तिच्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि हा विषय सुचला कसा, हें कळण्यासाठीं आमच्या धांवण्याची हकीकत प्रथम सांगणें भाग आहे.

आमचें गांव नागरा. गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या सडकेवरचें, प्राचीन शिवमंदिराचें गांव. भोंवतीं धानाच्या बांध्या. गेल्या वर्षीं आम्हांस 44 वर्षें पुरीं झालीं, आणि डॉक्टरांनीं रक्तांतील साखरेच्या आंकड्यावर बोट ठेवलें. तेव्हां हिवाळ्यांत नागपुरास होणाऱ्या अर्धमॅरेथॉन शर्यतींत धांवण्याचा संकल्प आम्हीं एके रात्रीं पंक्तींत जाहीर केला. ती. दादांनीं हातांतला घास तसाच धरून विचारलें, “गाडी चुकते आहे, कीं चोर मागें लागला आहे?”

आम्हीं त्यांस सविस्तर समजावून सांगितलें. मॅरेथॉनचें 42.195 किलोमीटर हें अंतर 1908 सालच्या लंडन येथील ऑलिंपिकांत प्रथम धांवलें गेलें. त्याचा निम्मा पल्ला म्हणजे 21 किलोमीटरांहून सुमारें शंभर मीटर अधिक. आपल्या मुलखास ही विद्या नवी नाहीं. 1920 सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले व एकोणिसावे आले. सदाशिव दातार हेहि त्याच शर्यतींत उतरले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यतींत अनवाणी धांवणारे तरुण पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत ऑलिंपिकला संघ धाडण्याचा विचार आला होता. दादांनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “चौगुल्यांच्या घरीं सकाळचें दूध कोण आणीत होतें, तें कोठें लिहिलें आहे काय?”

हा विनोद समजून आम्ही हंसलों. तो विनोद नव्हता, हें कळावयास अकरा आठवडे लागले.

तयारी आम्हीं शास्त्रशुद्ध केली, हें अभिमानानें सांगतों. प्रथम हृदयाची तपासणी करून घेतली. चाळिशी उलटलेल्या माणसानें ती टाळूं नये. आठवड्यांतून तीन सकाळी पाऊण पाऊण तास आणि रविवारीं लांबचा पल्ला, असा क्रम ठेवला. एका आठवड्याचें अंतर मागच्या आठवड्याहून सुमारें एक दशांशापेक्षां अधिक वाढवूं नये, असा जुना संकेत आहे; कारण दम लवकर वाढतो, परंतु हाडें व स्नायुबंध सावकाश तयार होतात. लांबच्या पल्ल्यांत वेग इतकाच असावा कीं शेजारच्या माणसाशीं बोलतां यावें. आमच्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस हवा दमट असते. घाम वाळत नाहीं, म्हणून अंग थंड होत नाहीं, आणि त्या दिवसांत वेगाचा हट्ट धरणें धोक्याचें. स्नायूंत सांठविलेली साखर दीड-दोन तास पुरते. पुढच्या अंतरासाठीं खिशांत दोन खजूर किंवा चिक्कीचा तुकडा असावा. तहानेप्रमाणें पाणी प्यावें. उगाच तांब्यामागून तांब्या रिचविल्यास रक्तांतील मीठ पातळ होऊन अपायच होतो.

हें सर्व आम्हीं वहींत टिपून ठेविलें होतें. त्या वहींत आमचें अंतर होतें, आमची नाडी होती, आमची झोंप होती. घर मात्र कोठेंच नव्हतें.

कार्तिकांतला एक रविवार. धानाची कापणी चालू होती. वडील बंधु पहांटेंच शेतावर गेले होते. दादांस रक्तदाबाची गोळी देणें आणि त्यांना हात धरून न्हाणीघरापर्यंत नेणें, हें काम कित्येक वर्षें आमचें होतें. त्या दिवशीं 16 किलोमीटर धांवावयाचें होतें. परत येऊन गोळी देऊं, असें मनाशीं ठरवून पांच वाजतां निघालों. मोबाइल खिशांत हिंदकळतो म्हणून घरींच ठेविला. परत आलों तेव्हां आजवरचा सर्वांत चांगला वेळ लागला होता, आणि दाराला बाहेरून कडी होती.

शेजारच्या काकूंनीं सांगितलें तें असें. आमची वाट पाहून दादा एकटेच उठले आणि ओल्या फरशीवर घसरले. वहिनी आणि आमची पत्नी, दोघींनीं मिळून त्यांस उचललें आणि शेजाऱ्यांच्या मोटारींतून गोंदियास नेलें. दैवानें मनगटावरच निभावलें. सहा आठवडे प्लास्टर. घरांत आम्हांस कोणी एका शब्दानेंहि बोललें नाहीं. बोललें असतें तर बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं आम्हीं सांगितलें, “धांवणें सोडलें.” दादा पलंगावरून म्हणाले, “सोडूं नकोस. सोडलेंस तर जन्मभर माझ्या मनगटाचें नांव सांगशील. तूं धांवतोस याचें मला दुःख नाहीं. तुझी सकाळ आमच्या सकाळींतून कापून घेतलेली आहे, आणि तुला तें ठाऊकहि नव्हतें, याचें आहे.”

मग पत्नीनें स्वयंपाकघरांतील दिनदर्शिका खालीं काढली. ती दुधाचा व गॅसचा हिशेब त्यावर लिहीत असते. आमच्या धांवण्याच्या सकाळी दूध कोणीं आणलें, नळाचें पाणी कोणीं भरलें, मुलीची वेणी घालून तिला शाळेच्या बसवर कोणीं पोंचविलें, चहा दुसऱ्यांदां कोणीं टाकला, घामाचे कपडे कोणीं धुतले, हें तिनें सांगत जावें आणि आम्हीं मांडत जावें. तक्रारीचा सूर मुळींच नव्हता. विचारलें म्हणून ती सांगत होती. आम्ही आठवड्याला पांच तास धांवतों अशी आमची समजूत होती. बेरीज केली तेव्हां घरानें आठवड्याला सात तास दिले होते, आणि ते सातहि या दोघी जावांच्या खात्यांतून गेले होते.

वाचकहो, एकत्र कुटुंबाचें हेंच सुख आणि हाच धोका. एकटा राहणारा मनुष्य धांवावयास गेला तर त्याचें दूध दारांतच नासतें आणि त्याला किंमत तत्काळ कळते. आपल्या घरीं दूध नासत नाहीं. कोणी तरी तें मुकाट्यानें तापवून ठेवतें, आणि धांवणारास वाटतें कीं आपण केवळ स्वतःच्या पायांवर पल्ला गांठला.

दुसऱ्या दिवशीं रीतसर वाटणी झाली. दादांची गोळी व स्नान आटोपल्यावांचून उंबरा ओलांडावयाचा नाहीं. मोबाइल जवळ ठेवावयाचा. रविवारचा लांबचा पल्ला गोंदियाच्या पलीकडे न नेतां गांवाभोंवतींच फेऱ्या घालून पुरा करावयाचा, म्हणजे कोणत्याहि क्षणीं घर दहा-पंधरा मिनिटांच्या आंत. फेऱ्या कंटाळवाण्या होतात. तो कंटाळा आमच्या वाटणीचा. आणि आम्हीं जितक्या सकाळी घेतल्या, तितक्याच घरांत परत करावयाच्या.

“तुम्हांला कोणती सकाळ हवी?” असें आम्हीं विचारलें. पत्नी म्हणाली, “मला धांवायचें नाहीं. गुरुवारीं आठ वाजेपर्यंत मला कोणी हांक मारूं नये, इतकेंच.” वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग पदर सांवरीत म्हणाल्या, “भाऊजी, शाळेंत मी खोखो खेळत असें. मलाहि धांवायचें आहे.” वहिनींचें वय 48. या घरांत त्यांस येऊन पाव शतक झालें. त्या खोखो खेळत असत हें आम्हांपैकीं कोणास ठाऊक नव्हतें.

बायकांना लांब पल्ला झेपणार नाहीं, असें जगांतील शहाणे फार दिवस म्हणत होते. बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्यें त्यांना अधिकृत प्रवेश मिळाला तो 1972 सालीं, आणि ऑलिंपिकांत स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम झाली ती 1984 सालीं. आपल्याकडे बारामतीच्या लता भगवान करे या पतीच्या उपचारासाठीं पैसे हवेत म्हणून लुगडें नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतींत धांवल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्या जीवनावर पुढें चित्रपटहि निघाला. त्यांचें कौतुक सर्वांनीं केलें. परंतु आपल्या घरांतील स्त्रियांना बळ कमी नाहीं, सकाळ कमी आहे, एवढें त्या कौतुकांतून आपण शिकलों काय?

नागपूरची शर्यत आम्हीं 2 तास 41 मिनिटांत पुरी केली. हा वेळ कोणास सांगण्याजोगा नाहीं. सतराव्या किलोमीटरनंतर पाय जड झाले. तेथून पुढें कांहीं अंतर चालतच गेलों. घरीं आल्यावर दादांनीं प्लास्टर निघालेल्या हातानें पदक तोलून पाहिलें आणि पुतण्याच्या गळ्यांत घातलें.

आतां आठवड्यांतून तीन सकाळी वहिनी शिवमंदिराच्या बाजूनें धांवून येतात. पायांत बूट, अंगावर सलवार-कमीज, आणि बरोबर त्यांचीच धाकटी मुलगी. आरंभीं गांवानें वळून पाहिलें. हल्लीं कोणी पाहत नाहीं. त्या दिवशींचें दूध, पाणी आणि चहा वडील बंधु आणि आम्ही मिळून पाहतों. आमचा पहिला चहा दादांनीं एक घोट घेऊन खालीं ठेवला होता. आतां ते पुरा पितात.

तेव्हां ज्या वाचकांस यंदा असा कांहीं संकल्प करावयाचा असेल, त्यांस आमची एकच विनंति. शर्यतींत नांव नोंदविण्यापूर्वीं घरांत विचारावें. ‘मी धांवूं काय?’ असें विचारूं नये. त्यास सगळे होच म्हणतात. ‘माझ्या सकाळचें काम कोण करणार, आणि त्याच्या सकाळचें मीं केव्हां करावयाचें?’ असें विचारावें. उत्तर मिळालें म्हणजे खुशाल बुटांचे बंद बांधावेत.