काचा बंद, तोंडही बंद?

मे महिना. दुपारचे दोन. नवी पेठेतली खरेदी उरकून तुम्ही गाडीपाशी येता आणि दार उघडता. आतून जी झळ अंगावर येते ना, तिला आपल्या सोलापुरात एकच शब्द आहे... भट्टी! मग आपण काय करतो? चारही दारं सताड उघडतो, एसी फुल्ल करतो, स्टिअरिंगला बोटाच्या टोकानं हात लावून बघतो आणि दोन मिनिटं बाहेरच उभे राहतो. कारण आत बसवतच नाही.

आता याच गाडीत, याच वेळी, मागच्या सीटवर एक लॅब बसलाय असं समजा. काचा वर. मालक ‘पाचच मिनिटांत’ येणार आहेत. त्या बिचाऱ्याला दार उघडता येत नाही, एसी लावता येत नाही आणि ‘अहो, मला बाहेर काढा’ असं ओरडताही येत नाही. ओरडायचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. आजचा विषय तो ‘दुसरा कुणीतरी’. म्हणजे तुम्ही आणि मी.

सोलापुरात पेट्सची क्रेझ काही आजची नाही. आठवतंय? २००३ साली हचच्या जाहिरातीत तो चपट्या नाकाचा पग आला आणि अख्ख्या देशाला पग हवासा वाटायला लागला. आता जुळे सोलापूर म्हणा, होटगी रोड म्हणा, सकाळी फिरायला बाहेर पडलात तर पग, शित्झू, लॅब, अगदी हस्कीसुद्धा भेटतात. (४३-४४ अंशांच्या गावात हस्की! त्यावर पुन्हा कधीतरी.) आणि कुत्रा घरचा मेंबर झाला की तो गाडीतून फिरणारच.

त्यात आपलं गाव मोक्याच्या जागी. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, तिन्हीकडे जाणारा रस्ता सोलापुरातून. वीकेंडला पुण्याहून अडीचशे किलोमीटर कापून येणाऱ्या गाड्या बघा. बिल्डिंगमध्ये कुत्र्याला सांभाळणारं कुणी नाही, मग तोही निघतो दर्शनाला. पण देवळात त्याला नेता येत नाही आणि हॉटेलवाला आत घेत नाही. रांग किती लांब असेल ते देवालाच ठाऊक! मग एकच सोपा उपाय उरतो. गाडीत बसव, काच दोन बोटं खाली कर, आलोच आपण.

जुलै २०२३ मध्ये आग्र्याला असंच झालं. ताजमहाल बघायला आलेल्या पर्यटकांनी पाळीव कुत्रा गाडीत बंद करून ठेवला. गाडी पश्चिम दरवाजाच्या पार्किंगमध्ये होती. ते परत येईपर्यंत कुत्रा गेलेला होता. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, सगळे हळहळले. मला तो व्हिडिओ बघताना एकच प्रश्न छळत होता. पर्यटनस्थळाचं पार्किंग म्हणजे सतत येणारी-जाणारी माणसं. त्यातलं कुणी वेळेत बोललं असतं तर?

बंद गाडी काय करते हे आपल्या महाराष्ट्रानं याहून भयंकर रीतीनं पाहिलंय. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळता खेळता गाडीत शिरलेली तीन लहान मुलं आतच गुदमरून गेली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला एका पडून असलेल्या गाडीत दोन भावंडं सापडली. ती मुलं आत आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. गाडीतल्या कुत्र्याचं तसं नसतं. तो काचेतून सगळ्यांना दिसत असतो. फरक पडतो तो तिथेच.

दोन बोटं काचेचा फंडा

‘काच थोडी उघडी ठेवलीय की!’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते किती पोकळ आहे, हे २००५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. त्यांनी एक गाडी उन्हात उभी केली, बाहेरचं तापमान साधारण २२ ते ३६ अंशांच्या मधलं होतं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं. त्यातली ८० टक्के वाढ तर पहिल्या अर्ध्या तासातच झाली. आणि काच थोडी खाली ठेवली तरी जवळजवळ काहीच फरक पडला नाही!

कारण साधं आहे. ऊन काचेतून आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापवतं आणि ती उष्णता आतच कोंडली जाते. म्हणजे तिशीतल्या आल्हाददायक हवेतसुद्धा गाडी अर्ध्या तासात तापते. सोलापूरच्या ४२ अंशांमध्ये आणखी वीस मिळवून बघायची माझी तरी हिंमत होत नाही.

कुत्र्याचं शरीर आपल्यासारखं घामानं गार होत नाही. घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी भिस्त धापांवर. पण आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर कितीही धापा टाकून काय उपयोग? त्याचं नॉर्मल तापमान ३८-३९ अंश. ते ४१च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, सगळ्यालाच धोका. पगसारख्या चपट्या नाकाच्या मंडळींचं तर आणखी कठीण, त्यांना एरवीही श्वास घेताना त्रास होतो. आणि ‘एसी चालू ठेवून गेलोय’ म्हणणाऱ्यांसाठी एक नम्र सूचना. काही गाड्यांचं इंजिन ठरावीक वेळानं आपोआप बंद होतं. कुत्र्याला ते चालू करता येत नाही.

‘मालक येतेत की आता’

गेल्या मे महिन्यात होटगी रोडवरच्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये मी हे समोर पाहिलं. पांढरी एसयूव्ही, आत एक पग, जीभ पार बाहेर, काचेवर लाळेचे डाग. बाहेर चार-पाच जण उभे. एक ताई ‘अरेरे’ करत होत्या. एक कॉलेजकुमार व्हिडिओ काढत होता. आणि वॉचमनकाका म्हणाले, "मालक येतेत की आता. कशाला टेन्शन घ्यायलाव ताई? मोठी पार्टी दिसतीय."

मी आत जाऊन काउंटरवर सांगितलं, माइकवर गाडीचा नंबर पुकारा. मॅनेजर चपापले. "मॅडम, कस्टमरला कसं बोलायचं?" मी म्हणाले, "बोलू नका हो. फक्त सांगा, या नंबरच्या गाडीत कुत्रा आहे, त्याला त्रास होतोय, लगेच या."

तीन मिनिटांत एक कुटुंब धावतच बाहेर आलं. गृहस्थ आधी माझ्यावरच तापले. "तुमचं काय जातंय? काच उघडी आहे ना!" तोवर त्यांच्या मुलीनं दार उघडून पगला उचललं होतं. तो तिच्या हातात लटकत होता, मान टाकून. ते पाहिलं आणि साहेबांचा आवाजच बसला. वॉचमनकाकांनी स्वतःची पाण्याची बाटली त्याच्या अंगावर रिकामी केली. सावलीत ठेवल्यावर थोड्या वेळानं पगोबा उठून बसले. तरी मी त्यांना डॉक्टरकडे जायलाच सांगितलं, कारण आतली इजा नंतर कळते. निघताना त्या बाई हळूच म्हणाल्या, "काच उघडी ठेवली की झालं, असं वाटलं होतं आम्हाला. घरी एकटा रडतो ना तो, म्हणून आणला."

म्हणून आणला! हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. गाडीत कुत्रा ठेवणारा माणूस बहुतेक वेळा दुष्ट नसतो. ज्याला कुत्र्याचं काही पडलेलं नाही, तो त्याला घरी बांधून जातो. सोबत आणतो तो जीव लावणारा. त्याला फक्त माहीत नसतं. आणि म्हणूनच बोलण्याचा उपयोग होतो!

मग आपण बोलत का नाही? भीड, बॉस, भीड! आपलं सोलापूर मोठं झालं तरी अजून सगळे एकमेकांना ओळखतात. गाडी कुणाच्या तरी मामाची, नाहीतर ओळखीच्या साहेबांची निघते. त्यातून ऑफिसच्या पार्किंगमध्ये खुद्द बॉसची असली तर? अप्रेझल तोंडावर आलेलं असताना कोण सांगणार, सर, तुमचं चुकतंय म्हणून? पण ‘चुकतंय’ म्हणायची गरजच नाही. "सर, ब्रूनो गाडीत तापलाय, मी वर घेऊन येऊ का?" एवढंच म्हणा. यात आरोप नाही, मदत आहे. कुठला बॉस यावर नाही म्हणेल?

बोलायचं, पण कसं?

पहिलं, थांबू नका. ‘अजून पाच मिनिटं वाट बघू’ असं आपणही म्हणतो आणि आपल्या आधी आलेलाही म्हणून गेलेला असतो. मालक किती वेळापूर्वी गेलाय, हे कुणालाच माहीत नसतं.

दुसरं, कुत्र्याबद्दल बोला, माणसाबद्दल नको. ‘लाज वाटत नाही का?’ म्हटलं की समोरचा भांडायला उभा राहतो आणि कुत्रा आतच राहतो. ‘त्याला त्रास होतोय, चला लवकर’ म्हटलं की तो गाडीकडे पळतो.

तिसरं, एकटे लढू नका. वॉचमन, मॅनेजर, देवस्थानाचा माइक, शेजारचा चहावाला, सगळ्यांना कामाला लावा. व्हिडिओ काढणाऱ्यालासुद्धा! गाडी, नंबर आणि वेळ रेकॉर्ड होऊ दे, पण आधी एकानं मालकाला शोधायला पळायचं.

चौथं, मालक सापडत नसेल आणि कुत्रा लडखडत असेल, ओकत असेल किंवा निपचित पडला असेल, तर सरळ ११२ ला फोन. काच फोडायची का? अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०१६ साली कायदाच केला. जनावराचा जीव धोक्यात असेल, दुसरा मार्ग नसेल आणि पोलिसांना आधी कळवलं असेल, तर सामान्य माणूस गाडीत शिरू शकतो. आपल्याकडे असा खास कायदा नाही. त्यामुळे पोलिसांना फोन आणि चार साक्षीदार, हे आधी.

पाचवं, बाहेर काढल्यावर सावलीत न्या, अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला, घोट-घोट पाणी पाजा. बर्फ नको. ओला टॉवेल गुंडाळून ठेवूही नका, तोच पुढे उष्णता कोंडतो. आणि मग तडक जनावरांचे डॉक्टर.

कायद्याचं म्हणाल तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला विनाकारण यातना होतील असं ठेवणं किंवा नेणं हा गुन्हाच आहे. मात्र पहिल्या वेळेचा दंड लिहिलाय १० ते ५० रुपये! एवढ्यात पाव किलो शेंगाचटणीही येत नाही. जनावर दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं ३२५ कलम आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तिथे जाणूनबुजून केलं हे सिद्ध व्हावं लागतं. ‘पाचच मिनिटं’वाल्याला कायदा गाठेपर्यंत कुत्रा थांबत नाही.

बाय द वे, हा कायदा कुणामुळे आला माहितीय? रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या नृत्यांगना. १९५२ साली त्या राज्यसभेवर गेल्या आणि जनावरांसाठी त्यांनी खासगी विधेयक मांडलं. देश नुकताच उभा राहत होता. ‘माणसांचे प्रश्न संपले का?’ हा टोमणा तेव्हाही तयारच असणार. नेहरूंनी सरकारतर्फे विधेयक आणण्याचं आश्वासन दिलं आणि १९६० साली कायदा झाला. एका बाईनं भर सभागृहात विषय काढला म्हणून! आपल्याला तर फक्त पार्किंगमध्ये काढायचाय.

आणि गाडीत कुत्रा नेणाऱ्या दोस्तांनो, तुमच्यासाठी एकच. दर्शनाला दोघं जात असाल तर आळीपाळीनं जा. एक जण रांगेत, एक जण झाडाखाली त्याच्यासोबत. तेही जमणार नसेल तर त्या दिवशी त्याला घरी पंख्याखाली, पाण्याचं भांडं भरून ठेवून या. रडेल थोडा वेळ. संध्याकाळी दारात शेपूट हलवत उभा असेल ना!