कोच, लस आणि स्कोअरबोर्ड

टीम हरायला लागली की प्रत्येक फॅन कोच होतो, हे आपल्याला क्रिकेटने शिकवलंय. पण २०२१मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल फॅन्सना डॉक्टर आणि वकीलही व्हावं लागलं! (फुटबॉल त्यांचा, हाताने फेकायचा.)

सीझन रडतखडत सुरू झालेला, पहिल्या चारपैकी तीन मॅचेस गेल्या. त्यात कोच निक रोलोविच कोविडची लस घेईना. गव्हर्नर जे इन्स्ली यांचा हुकूम स्पष्ट होता: १८ ऑक्टोबरपर्यंत लस, नाहीतर नोकरी विसरा. साहेबांनी धार्मिक कारण देऊन सूट मागितली.

आणि नेमकी तेव्हाच टीम लागोपाठ तीन मॅचेस जिंकली. झाली ना पंचाईत! हरणाऱ्या कोचला नियम दाखवणं सोप्पं असतं. तो जिंकायला लागला की 'जाऊ दे यार, त्याचा पर्सनल प्रश्न आहे' असं सुचतं. मुंबईत त्याच ऑगस्टपासून लोकलच्या पाससाठी दोन डोस लागत होते, तेव्हा आपला परफॉर्मन्स कोणी विचारला होता?

सूट मिळाली नाही. वर्षाला तीस लाख डॉलरच्या वर पगार घेणारा हा सरकारी नोकर चार असिस्टंट्ससकट घरी गेला. नोव्हेंबरात हंगामी कोच जेक डिकर्टच्या टीमने कट्टर शत्रू युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला ४०-१३ असं धुतलं. २०१२नंतर पहिल्यांदाच!